जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला

आमच्या रस्त्याच्या टोकाला हॉर्स चेस्टनटचं एक थोराड झाड आहे. सप्टेंबर अर्धा सरला की त्याची काटेरी फळं फुटपाथवर आपटून फुटतात आणि आतून पॉलिश केल्यासारख्या तपकिरी बिया घरंगळत येतात. इथली मुलं त्यांना कॉंकर म्हणतात आणि खिसे भरभरून नेतात. मी नेत नाही. मी फक्त तो आवाज ऐकते आणि गॅरेजची किल्ली शोधायला लागते.

गॅरेजमध्ये, माझ्या नवऱ्याच्या, मिलिंदच्या सायकलमागे, माझं टेबल भिंतीला टेकून उभं असतं. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद, मधोमध दुमडणारं, पांढऱ्या प्लास्टिकचं. त्याच्या एका पायाची कडी टाचेनं ठोकल्याशिवाय बसत नाही. वर विजेच्या तव्यानं उमटवलेला एक पिवळट डाग आहे, तो कशानंही जात नाही आणि आता जाऊही नये. या देशात अर्धं घर माझ्या नावावर आहे, नोकरी आहे, पेन्शनची सोय आहे. पण कुणालाही न विचारता, पूर्णपणे माझ्या मनानं मांडलेली जागा म्हणाल तर ही. पंधरा चौरस फूट.

ज्या शरदात हे टेबल घेतलं, तो शरद दर वर्षी कॉंकरबरोबर परत येतो.

त्याच्या आधीची वर्षं खिडक्यांची होती. लीड्समधल्या आमच्या जोडघरात फोडणी करायची तर आधी जिन्यावरचं दार बंद, मग सगळे कोट वरच्या कपाटात, मग स्वयंपाकघराची खिडकी उघडी, बाहेर बर्फ असलं तरी. मी हॉस्पिटलच्या स्टोअर्समध्ये मालाचा हिशेब बघते. तिथल्या फ्रिजमध्ये माझा डबा चीज सँडविचचा असे. कुणी काही म्हणालं होतं का? नाही. म्हणण्याची वेळच मी येऊ दिली नव्हती. आपल्याला इथे येऊन इतकी वर्षं झाली, पण आपल्या घरातल्या लसणाला अजून व्हिसा मिळालेला नाही, असं मिलिंद हसत म्हणायचा. तो नागपूरचा आहे, हसत हसत टोचणं त्याला जमतं. एका जानेवारीत त्या उघड्या खिडकीशी हात चोळत उभी असताना मला त्याचं हसू आलं नाही. मी खिडकी लावली. कोट खाली खुंटीवर होते, तिथेच राहू दिले. आणि त्या वर्षी ठरवलं की हे सगळं झाकण उघडून, भर बाजारात, टेबलावर मांडायचं.

लीड्सच्या बाहेर, एका छोट्या गावात, जुन्या लोकर गिरणीच्या शेडमध्ये एक आड एक शनिवारी बाजार भरतो. चीज, पाव, मध, विणलेल्या टोप्या, लाकडी चमचे. छप्पर उंच, खांब लोखंडी, फरशी अशी गार की जाड मोज्यांतूनही कळते. सप्टेंबर ते नोव्हेंबर आम्हांला चाचणी म्हणून जागा मिळाली. जमलं तर डिसेंबरच्या मोठ्या जत्रेत आणि पुढे कायमची. कौन्सिलची बाई येऊन माझं स्वयंपाकघर तपासून गेली, फ्रिजचं तापमान पाहून गेली, पाचपैकी पाच देऊन गेली. शेंगदाणे आणि तीळ कशाकशात आहेत ते लेबलांवर ठळक लिहून झालं. राहिली ती मांडणी.

मांडणीच्या बाबतीत मी अंदाजानं चालणारी बाई नाही. बैठकीच्या खोलीतल्या कार्पेटवर मी मास्किंग टेपनं सहा बाय अडीचचा चौकोन आखला आणि त्यात बरण्या ठेवून बघायला लागले. मिलिंद ऑफिसातून आला, दारातच थबकला.

“खून कुणाचा झालाय?”

“टेपवर पाय देऊ नकोस.”

“नाही, पोलिस असंच आखतात म्हणून विचारलं. चहा मिळेल, की हा परिसर सील केलाय?”

मी गुडघ्यांवर बसून विचार करत होते. बरण्या रंगानुसार लावल्या तर सुंदर दिसत, पण तीळकूट मेतकुटाशेजारी जाई, आणि त्या दोघांचं एकमेकांशी काही नातं नाही. उंचीनुसार लावल्या तर लोणची सैनिकांसारखी मागे उभी राहत. मग एकदम लक्षात आलं की याचं उत्तर मला लहानपणापासून पाठ आहे. पान. वरती मधोमध मीठ. डावीकडे लिंबू, चटण्या, कोशिंबीर, लोणचं, पापड. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात, पोळी. सांगलीला आमच्या घरी पंगत बसली की मी मीठ वाढायची, कारण लहान मुलीला तेवढंच देत. आई म्हणायची, “नीट मधोमध वाढ. मीठ पडलं की पानाला वरची बाजू मिळते. बाकीच्यांना मग आपापली जागा कळते.”

एका चौकोनात कुठे काय ठेवायचं याचा इतका पक्का, इतक्या पिढ्यांनी वापरून घासलेला नियम माझ्याकडे असताना मी दुसरं काही का शोधत होते? मी बरण्या पुन्हा लावल्या. वर मधोमध खड्यांच्या मिठाची छोटी वाटी, विकायची नाही, पानाची म्हणून. शेजारी चिरलेलं लिंबू. डाव्या हाताला चटण्या, शेंगदाण्याची, जवसाची, कारळ्याची आणि लसणीची. मग लिंबाचं गोड लोणचं, मिरचीचं लोणचं, पापड. उजव्या हाताला गोडा मसाला, आमटीचा मसाला, मेतकूट, भाजणी. आणि मधल्या मोकळ्या जागेत तवा. त्यावर थालीपीठ लावायचं, बोटभर तुकडे करायचे आणि येईल त्याला चवीला द्यायचे.

“आता बघ,” मी मिलिंदला म्हटलं. तो चहाचा कप घेऊन माझ्यामागे उभा राहिला, बराच वेळ बघत होता.

“भूक लागली,” तो म्हणाला. याहून मोठं प्रशस्तिपत्र मला नको होतं.

पहिल्या शनिवारी शेडमध्ये सगळं जसंच्या तसं मांडलं. आणि लोक मीठ खायला लागले.

खोटं नाही सांगत. येणारा माणूस टेबलाशी थांबे, पुढ्यातच असलेल्या वाटीतला खडा उचलून तोंडात टाके आणि चेहरा वाकडा करून सभ्यपणे म्हणे, “इंटरेस्टिंग.” एका गृहस्थांनी हे कुठल्या समुद्राचं मीठ असं विचारलं. मी म्हटलं, पलीकडच्या सुपरमार्केटचं. चटण्यांपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांचं तोंड खारट आणि मन उडालेलं असे. बाजार चालवणारी हेदर, पन्नाशीची, चटपटीत, गळ्यात चष्मा लटकवलेली, दोनदा येऊन गेली. तिसऱ्यांदा थांबली.

“मेधा, हे सगळं लव्हली आहे. पण एकाच वेळी फार काही चाललंय. लोकांना सुरुवात कुठून करायची कळत नाही. एकच वस्तू पुढे आण. मँगो चटनी आहे का तुझ्याकडे?”

“नाही.”

“मँगो चटनी लोकांना ओळखीची असते.”

“म्हणूनच ती दुकानात मिळते,” मी म्हटलं. हेदर हसली. मीही हसले. दोघींच्या हसण्यात फरक होता.

संध्याकाळी सईला टेबलाचा समोरून काढलेला फोटो पाठवला. सई माझी मुलगी, एडिनबरामध्ये शिकते, लीड्समध्येच जन्मली. तिचं मराठी म्हणजे आमच्या घरातला सगळ्यात गोड आणि सगळ्यात डळमळीत पदार्थ.

“आई, तुझा टेबल खूप बिझी दिसते. माझी डोळे कुठे जायची?”

“पान आहे ते, सई. ताट.”

“मला माहीत आहे ते ताट आहे. पण ते उलटं आहे का? काहीतरी विअर्ड वाटतो.”

मी तिचं मनावर घेतलं नाही. जिला ‘तुझा टेबल’ आणि ‘माझी डोळे’ यांतलं लिंग सापडत नाही, तिला ताटातली दिशा काय सापडणार, असं माझ्या मनात आलं. हे इथे एवढ्यासाठीच लिहिते, की ते तिलाच आधी दिसलं होतं.

पुढच्या एका शनिवारी कुमुदकाकू आल्या. काकू म्हणजे आमच्या लीड्सच्या मराठी लोकांतल्या सगळ्यात जुन्या. नर्स म्हणून आल्या त्या तरुणपणी, इथल्या वॉर्डांत आयुष्य काढलं, आता निवृत्त. हातात काठी, अंगात जांभळा रेनकोट, त्याखाली नऊवारी नाही, पँट, आणि बोलणं सरळ. त्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. मिठाच्या वाटीकडे बघितलं, चटण्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

“मेधा, पितृपंधरवडा होऊन गेला ना गं?”

“हो काकू, कधीच. का?”

“मग हे पान कुणासाठी वाढलंयस?”

“म्हणजे?”

“आमच्याकडे श्राद्धाला असं उलटं वाढतात. ये, इकडे ये. अशी नाही, टेबलाला वळसा घालून ये. आणि इथे, माझ्या जागी उभी राहा.”

मी गेले. उभी राहिले. आणि कानापर्यंत लाल झाले. मीठ माझ्या पोटाशी. चटण्या उजवीकडे. आमटीचा मसाला डावीकडे. कार्पेटवर मी ज्या बाजूला गुडघे टेकले होते, त्याच बाजूनं सगळं पान वाढलं होतं. मिलिंदनं पाहिलं तेही माझ्या मागे उभं राहून. इतके दिवस मी, वाढणारी, माझंच पान मांडून त्याच्यामागे उभी होते आणि समोरच्याला त्याची उलटी बाजू दाखवत होते.

“पान जेवणाऱ्याकडून वाढायचं असतं,” काकू म्हणाल्या. “वाढणारीकडून नाही. तुला कुणी शिकवलं नव्हतं का?”

“शिकवलं होतं. पण तेव्हा पंगतीत मी जेवणाऱ्यांच्या समोर उभी राहून, वाकून वाढत असे. कार्पेटवर समोर कुणी नव्हतंच.”

“नव्हतं तर धरायचं की कुणीतरी आहे.” मग त्यांनी थालीपिठाचा तुकडा उचलला, लसणीच्या चटणीत बुडवला, खाल्ला आणि डोळे मिटले. “ही मात्र बरोबर आहे. ही कुठल्याही बाजूनं बरोबर आहे.”

मी तिथल्या तिथे, भर बाजारात, सगळं टेबल फिरवलं. मीठ माझ्याकडे आलं, म्हणजे त्यांच्या वर. चटण्या माझ्या उजव्या हाताला गेल्या, म्हणजे त्यांच्या डाव्या. काकू काठीनं दाखवत होत्या, “ते लोणचं अजून खाली. हं. आता पापड.” पलीकडचा मधवाला तोंड उघडं टाकून बघत होता. आणि मग, काही चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही, पण लोक थांबायला लागले. डावीकडून चाखत उजवीकडे जायला लागले, आपोआप, जसं पानावर हात फिरतो तसे. मी प्रत्येकाला सांगायची, हे टेबल नाही, ताट आहे, एकाच माणसाचं. भिजकी टोपी घातलेले एक म्हातारे यॉर्कशरकर ते ऐकून जरा मागे सरले, सगळं टेबल एका नजरेत घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे मी बसलोय म्हणा की.” मी म्हटलं, “हो, बसलाहात.”

तो ऑक्टोबर मला वासांनी आठवतो. ओल्या पानांचा वास, शेडच्या दारात कॉफीच्या गाडीचा, लोकरीच्या ओल्या कोटांचा, आणि तव्यावर भाजणी खरपूस होताना येणारा तो वास, जो आमच्या घरात मी इतकी वर्षं खिडकीबाहेर हाकलत होते. इथे तो उंच छताखाली मोकळा फिरायचा. दारातून आत येणारी माणसं नाक वर करायची, मग शोधत यायची. दुपार चारलाच कलायला लागे. शेडमधले पिवळे दिवे लागत आणि मिठाचे खडे त्यांत चमकत.

आता टेबल फिरवल्यानं एक गोष्ट बदलली होती, जी मी मोजायला हवी होती. माझ्या उजव्या अंगाला जोआनचा स्टॉल होता. जोआन मेणबत्त्या विकते, लॅव्हेंडरच्या, दालचिनीच्या, पाइनच्या. आधी तिच्या बाजूला माझे मसाले होते, पाकिटबंद. आता तिच्या बाजूला लसणीची चटणी आली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हेदर चष्मा पुसत आली. जोआनची तक्रार होती. तिच्या मेणबत्त्यांना माझ्या लसणाचा वास लागतो.

तक्रार खरी असू शकते, हे मला मान्य होतं. मेण वास धरतं असं मीही ऐकलं होतं. म्हणून मी ती पडताळून पाहिली. जोआनकडूनच एक लॅव्हेंडरची मेणबत्ती विकत घेतली. लसणीच्या चटणीची उघडी बरणी आणि ती मेणबत्ती आमच्या जिन्याखालच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवली आणि पुढच्या बाजारापर्यंत दार लावून घेतलं. मग मिलिंदला डोळे मिटायला लावून दोन्ही हुंगायला दिल्या.

“ही मेणबत्ती. नुसती मेणबत्ती, लसूण नाही. आणि ही…” तो थांबला. “मेधा, या चटणीला साबणाचा वास येतोय.”

लॅव्हेंडर लागलं होतं. अख्खी बरणी फेकावी लागली.

मी हेदरला जसंच्या तसं सांगितलं. त्यावर उपायही सुचवले. एक, झाकण फक्त चव देतानाच उघडते. दोन, माझी आणि जोआनची जागा अदलाबदल करा, म्हणजे तिच्या बाजूला मसाले येतील. हेदरनं मान हलवली. जोआन त्या जागेवर कितीतरी वर्षं आहे, तिला हलवता येणार नाही. आणि झाकणाचं काय, मी विचारलं. झाकण लावलेली बरणी कुणाला काय करते?

हेदरनं आवाज खाली आणला. मायेनं बोलत होती, हे मला नाकारता येत नाही. “हे फक्त वासाचं नाही, मेधा. वातावरणाचं आहे. डिसेंबरच्या जत्रेला सगळ्या टेबलांनी मिळून एक मूड तयार करायचा असतो. तुझं बाकी सगळं सुंदर आहे. ती एक गोष्ट टेबलाखाली ठेव. कुणी मागितली तर दे. एवढं केलंस की आतली जागा तुझी, जत्रेलाही आणि पुढेही.”

एवढं. एवढंच तर मी हॉस्पिटलच्या फ्रिजपुढे करत आले होते, कुणी न सांगता.

वासाची तक्रार असती तर झाकण पुरलं असतं, जागा बदलून भागलं असतं. पण बंद झाकणाची बरणीही दिसायला नको होती. जोआनचा वास विकायचा होता म्हणून तो वातावरण. माझाही विकायचाच होता, पण तो उपद्रव. मी आकडे बघणारी बाई आहे. दोन सारख्या नोंदी दोन वेगळ्या रकान्यांत पडलेल्या दिसल्या की माझी झोप उडते.

घरी जेवताना विषय निघालाच.

“ठेव ना खाली,” मिलिंद म्हणाला. “एक बरणी आहे. बाकी बारा वस्तू वर आहेत. आतली जागा म्हणजे ऊब, वीज, छप्पर. व्यवहार बघ.”

“व्यवहारच बघतेय. तुझ्या ताटात डावीकडे चटणी नाही वाढली तर?”

“तर मी मागेन.”

“हं. मागशील, कारण ती असते हे तुला माहीत आहे. त्यांना कसं कळणार? टेबलाखालची वस्तू कोण मागतं?”

“अगं, तू चटणीसाठी भांडतेयस की…”

“चटणीसाठीच. दुसरं मोठं काही नाही. उगाच त्याला मोठं नाव देऊ नकोस.”

तो डावीकडची चटणी पोळीला लावून जेवला. माझ्या बाजूनं आहे की विरुद्ध, ते त्या रात्री मला कळलं नाही.

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी मी नेहमीपेक्षा लवकर टेबल लावलं. मीठ, लिंबू. मग चटण्या. लसणीची चटणी मी रोजच्या बरणीत आणली नव्हती. सांगलीहून आणलेला दगडी खलबत्ता आणला होता. तो डाव्या बाजूला, म्हणजे समोरच्याच्या डाव्या हाताला ठेवला, आणि बाजार उघडल्यावर भाजलेलं सुकं खोबरं, लाल तिखट, मीठ आणि सोललेला लसूण घेऊन सगळ्यांच्या देखत कुटायला लागले. लोखंडी खांबांच्या त्या शेडमध्ये बत्त्याचा आवाज असा घुमला की पाववालासुद्धा मान वळवून बघायला लागला. माणसं जमली. एका बाईनं विचारलं, मी कुटून बघू का. मी बत्ता तिच्या हातात दिला.

गर्दीच्या कडेला हेदर उभी होती. गर्दी ओसरल्यावर पुढे आली.

“म्हणजे हा तुझा निर्णय.”

“हो.”

“मला आतली जागा देता येणार नाही, मेधा. अंगणात देऊ शकते. गेटजवळ.”

“चालेल.”

“डिसेंबर आहे. तिथे वारा फार असतो.”

“हेदर,” मी म्हटलं, “मी जानेवारीत खिडकी उघडी टाकून स्वयंपाक केलेला आहे. वारा मला ठाऊक आहे.”

तिला ते कळलं नसणार. कळावं अशी अपेक्षाही नव्हती. ते मी मोठ्यानं बोलले, एवढं मला पुरलं.

डिसेंबरची जत्रा आम्ही अंगणात केली. जिंकल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही, हे स्पष्ट सांगते. पाऊस आडवा होता. गझीबोच्या, म्हणजे कापडी मांडवाच्या, चारही पायांना मिलिंदनं वाळूची वजनं बांधली होती, तरी छत फडफडून डोक्यावर पाणी ओतायचं. भाजणीची दोन पाकिटं भिजली. मिठाच्या वाटीत पाणी साचलं, मीठ विरघळलं, मी पुन्हा भरलं. विरघळलं, पुन्हा भरलं. मिलिंद म्हणाला, “मीठ राहू दे ना, विकायचंही नाहीये ते.” मी म्हटलं, “मीठ नसेल तर वरची बाजू कुठली?” बोटं इतकी गारठली होती की झाकणं उघडेनात. आत शेडमध्ये पिवळे दिवे होते, कुणी व्हायोलिन वाजवत होतं, दार उघडलं की लॅव्हेंडर आणि दालचिनीचा ऊबदार झोत बाहेर यायचा. हेवा वाटला. वाटणारच. थंडीत उभ्या माणसाला उबेचा हेवा वाटतो, त्याला तत्त्वांचा इलाज नाही.

पण गेटमधून आत जाणाऱ्या प्रत्येकाला आधी माझ्यापुढून जावं लागत होतं, आणि वारा आमच्याकडून शेडकडे वाहत होता. ते मी योजलेलं नव्हतं. वाईटही वाटलं नाही.

दुपारी जोआन बाहेर आली. तिच्या मागच्या दारातून वारा शिरून टेबलक्लॉथ उडत होता. एखादी क्लिप मिळेल का, विचारत होती. माझ्याकडे जास्तीच्या असतातच, मोजून आणलेल्या. दिल्या. तिनं आभार मानले. टेबलाकडे बघितलं, खलबत्त्याकडे बघितलं, चाखायला मात्र हात पुढे केला नाही. मीही चटणी पुढे केली नाही. क्लिपा दिल्या, तेवढं शेजारधर्माला पुरे.

त्यानंतरचे शरद आम्ही अंगणातच काढले. गझीबो आता चांगला आहे, बाजूला पडदे आहेत, पायाखाली रबरी चटई आहे. कोट खाली खुंटीवर असतात. स्टोअर्समधल्या फ्रिजमध्ये माझा डबा पोळी, भाजी, चटणीचा असतो. पहिल्या दिवशी कुणीतरी विचारलं, हा कसला वास? मी म्हटलं, माझ्या जेवणाचा. संभाषण तिथेच संपलं. इतकं सोपं होतं ते, आणि त्यासाठी मला आधी पंधरा चौरस फुटांवर उभं राहून बघावं लागलं.

परवा हेदरचा फोन आला. यंदा आत एक जागा रिकामी झाली आहे, खांबाजवळची, उबेची. तिला मनापासून वाटतं की मी आत यावं. “फक्त ते आपलं जुनंच, तुला माहीत आहे,” ती म्हणाली.

“अट आहे म्हणजे जागा रिकामी नाही, हेदर,” मी म्हटलं. “संपूर्ण पान ठेवता येईल त्या दिवशी कळव. तोवर गेटजवळची माझी.”

“तू हट्टी आहेस.”

“हो.”

आज सकाळी कॉंकर आपटला. मी टेबल बाहेर काढलं, पुसलं, कडी टाचेनं ठोकून पाहिली. मग नेहमीप्रमाणे बैठकीच्या कार्पेटवर टेप लावून चौकोन आखला, कारण यंदा दोन नव्या चटण्या आहेत आणि जागा तेवढीच. आता मी वाढणारीच्या बाजूला गुडघे टेकते, पण समोर कुणीतरी आहे असं धरून वाढते. मीठ आधी. मग लिंबू. जेवणाऱ्याची उजवी बाजू लावून झाली. बरण्या आणायला स्वयंपाकघरात गेले आणि परत आले तर समोर खरंच कुणीतरी होतं.

मिलिंद टेपच्या पलीकडे, कार्पेटवर, मांडी घालून बसला होता. गुडघा हल्ली दुखतो त्याचा, तरी बसला होता, पंगतीला बसतात तसा, टेपला न शिवता. मी बाकीच्या चटण्या ठेवल्या, लोणची ठेवली, पापड ठेवले. तो एकेक वस्तू बघत होता. मग त्यानं डावा हात पुढे केला आणि शेंगदाण्याच्या आणि जवसाच्या बरण्यांमधल्या मोकळ्या जागेवर तळवा टेकला.

“इथलं राहिलं,” तो म्हणाला.

“येतेय.”

“मी थांबलोय. पान पुरं झाल्याशिवाय मी हात लावत नाही.”

मी लसणीची बरणी आणली. त्यानं तळवा उचलला. मी ती ठेवली आणि झाकण काढलं.